टॉर्क कन्व्हर्टर 'स्लिप' होतो म्हणजे नेमकं काय होतं? ड्रॅग रेसच्या ट्रॅकपासून समृद्धी महामार्गापर्यंत

ऑटोमॅटिक गाडीचा अॅक्सिलरेटर एकदम दाबला की आधी इंजिनाचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी त्यानंतर वेग घेते. वर्षानुवर्षं मॅन्युअल गाडी चालवलेल्या माणसाला हा सरळ बिघाड वाटतो. "गाडी रेस होते पण ओढत नाही, क्लच प्लेट गेली असणार," असं निदान तिथल्या तिथे होतं. अनेकदा ते निदान चुकीचं असतं. गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असेल, तर थोडं घसरणं हे त्याचं कामच आहे. पण कधीकधी तेच घसरणं खऱ्या बिघाडाचं लक्षण असतं आणि तिकडे दुर्लक्ष केलं, तर पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो ड्रॅग रेसमध्ये. तिथे टॉर्क कन्व्हर्टर किती घसरावा, कधी घसरावा आणि गिअर बदलताना आरपीएम किती खाली यावा, हे मोजून ठरवलं जातं. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेल्यापासून सरळ, रुंद रस्ता या भागातल्या चालकांना रोजचा झाला आहे. त्यामुळे ड्रॅग रेसच्या गाड्यांत काय होतं आणि रोजच्या गाडीत काय होऊ नये, हे समजून घेणं उपयोगाचं आहे.

थोडक्यात

• टॉर्क कन्व्हर्टर इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडतो. त्यामुळे दोघांच्या फिरण्यात फरक राहतो. हा फरक म्हणजे स्लिप.
• सुरुवातीला स्लिप असतो म्हणूनच गाडीला जास्त ओढ मिळते. शेवटी उरलेला स्लिप मात्र वाया गेलेली ताकद असते.
• वाया गेलेली ताकद उष्णता बनून गिअरबॉक्सच्या तेलात जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सगळ्यात मोठा शत्रू हीच उष्णता आहे.
• गिअर बदलताना आरपीएम खाली येणं नैसर्गिक आहे. त्याच क्षणी आरपीएम उसळून वर जात असेल, तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचमध्ये असतो.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. पाय सोडला की प्लेट चिकटते आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत या जागी तेलाने भरलेला, गोल, बंद डबा असतो.

समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांसमोर आणावेत. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं. इंजिनाला जोडलेल्या पात्यांच्या चाकाला इम्पेलर म्हणतात आणि गिअरबॉक्सला जोडलेल्या चाकाला टर्बाइन. इम्पेलर तेल फेकतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि टर्बाइन फिरते.

एवढंच असतं, तर त्याला फक्त फ्लुइड कपलिंग म्हटलं असतं. कन्व्हर्टरमध्ये या दोघांच्या मध्ये तिसरं चाक असतं, ते म्हणजे स्टेटर. टर्बाइनवर आदळून परत येणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि इम्पेलरला अडवू पाहतं. स्टेटरची वाकडी पाती त्या तेलाची दिशा बदलतात आणि तेच तेल इम्पेलरला मदत होईल अशा कोनात परत पाठवतात. स्टेटर एका वन-वे क्लचवर बसवलेला असतो. म्हणजे तो एका दिशेला अडतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा फिरतो.

याचा परिणाम असा की गाडी जागेवरून हलत असताना टर्बाइनला इंजिनाच्या टॉर्कपेक्षा जास्त टॉर्क मिळतो. साधारणपणे ही वाढ १.८ ते २.५ पट असते. म्हणजे इंजिन २०० न्यूटन मीटर देत असेल आणि कन्व्हर्टरची वाढ २ पट असेल, तर सुरुवातीच्या क्षणी गिअरबॉक्सला ४०० न्यूटन मीटर मिळतात. मात्र ही फुकटची कमाई नाही. टॉर्क वाढतो तेव्हा फिरण्याचा वेग तितकाच किंवा त्याहून जास्त घटलेला असतो.

ही कल्पना मोटारीसाठी जन्मलेली नाही. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये तेलाच्या प्रवाहाने ताकद पोहोचवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनची ताकद हळू फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोहोचवणं हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून आलेल्या 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्समध्ये फ्लुइड कपलिंग होतं. १९४८ च्या ब्युइक 'डायनाफ्लो'पासून टॉर्क कन्व्हर्टर सर्वसामान्यांच्या गाडीत रुळला.

स्लिप म्हणजे काय आणि तो का लागतो?

इम्पेलर आणि टर्बाइन यांच्या वेगातला फरक म्हणजे स्लिप. तो टक्क्यांत सांगतात. इंजिन ३,००० आरपीएमवर आणि टर्बाइन २,७०० वर फिरत असेल, तर फरक ३०० आरपीएमचा, म्हणजे स्लिप १० टक्के.

गाडी सिग्नलला 'डी'मध्ये ब्रेकवर उभी असते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि टर्बाइन थांबलेली असते. हा १०० टक्के स्लिप. मॅन्युअल गाडी अशी गिअरमध्ये क्लच न दाबता उभी केली, तर बंद पडते. ऑटोमॅटिक बंद पडत नाही, ते या स्लिपमुळेच.

याचं गावाकडचं उदाहरण म्हणजे बॅकहो लोडर, ज्याला सगळीकडे नुसतं 'जेसीबी' म्हणतात. शेततळं खोदताना किंवा मुरूम भरताना चालक पुढचं बकेट ढिगाऱ्यात घुसवतो. अशा वेळी कधीकधी चाकं जागेवर थांबतात, इंजिन मात्र जोरात घुमत राहतं आणि मशीन पूर्ण ताकदीने ढकलत राहतं. या मशीनमध्येही टॉर्क कन्व्हर्टर असतो. ट्रॅक्टरच्या साध्या क्लचला असं दिवसभर करायला लावलं, तर प्लेट जळून जाईल. कन्व्हर्टरमध्ये घासणारा पृष्ठभाग नाही, फक्त तेल आहे. त्यामुळे तो हे सहन करतो, पण तेल तापतं.

गाडीने वेग घेतला की टर्बाइन इम्पेलरच्या जवळ जवळ येऊ लागते. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या सुमारे ८५ ते ९० टक्क्यांवर पोहोचला की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्क वाढवणं थांबतं. यापुढे कन्व्हर्टर फक्त जोडणीचं काम करतो. या टप्प्यानंतर स्लिपचा उपयोग संपतो आणि तोटा तेवढा उरतो. त्यावेळी स्लिप ७ टक्के असेल, तर इंजिनाची ७ टक्के ताकद चाकांपर्यंत पोहोचतच नाही.

हा तोटा टाळण्यासाठी आजच्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. ठरावीक वेगानंतर तो इम्पेलर आणि टर्बाइन यांना थेट जोडतो आणि स्लिप शून्यावर किंवा शून्याच्या जवळ येतो. पॅकार्डच्या १९४९ च्या 'अल्ट्रामॅटिक'मध्ये ही सोय होती. पण ती सर्रास झाली ती १९७० च्या दशकातल्या इंधनटंचाईनंतर. क्रायस्लरने १९७८ च्या मॉडेलपासून लॉक-अप द्यायला सुरुवात केली.

स्टॉल स्पीड म्हणजे काय?

टर्बाइन पूर्ण रोखून धरली आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन जास्तीत जास्त ज्या आरपीएमपर्यंत जाऊ शकतं त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. इंजिन बंद पडण्याला 'स्टॉल' म्हणतात, तो हा अर्थ नाही. इथे थांबते ती टर्बाइन.

रोजच्या गाडीत स्टॉल स्पीड साधारण १,८०० ते २,५०० आरपीएम असतो. ड्रॅग रेसच्या गाडीत तो ४,००० ते ५,५०० किंवा त्याहूनही जास्त ठेवतात. कारण या इंजिनांची खरी ताकद वरच्या आरपीएममध्ये असते. २,००० आरपीएमला इंजिन मरगळलेलं असेल आणि ५,००० ला जोमात असेल, तर गाडी सुटण्याच्या क्षणी इंजिन ५,००० च्या आसपास असलेलं बरं.

स्टॉल स्पीड दोन गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट कन्व्हर्टरची रचना. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो, हे त्याच्या व्यासाच्या पाचव्या घातावर आणि आरपीएमच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणून व्यास थोडा कमी केला तरी मोठा फरक पडतो. रस्त्यावरच्या गाड्यांत साधारण १० ते १२ इंचांचे कन्व्हर्टर असतात, तर रेसच्या गाड्यांत ८ ते १० इंचांचे. पात्यांचा कोन आणि स्टेटरची रचना बदलूनही स्टॉल वर-खाली करता येतो.

दुसरी गोष्ट इंजिनाचा टॉर्क. तोच कन्व्हर्टर जास्त ताकदीच्या इंजिनाला लावला, तर स्टॉल वाढतो, आणि हा संबंध वर्गमुळाचा आहे. टॉर्क २१ टक्के वाढवला, तर स्टॉल सुमारे १० टक्के वाढतो. २,००० चा २,२०० होतो. डिझेल एसयूव्हीचं 'रिमॅप' करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सॉफ्टवेअर बदलून इंजिन ताकदवान होतं, पण कन्व्हर्टर आणि लॉक-अप क्लच जुनेच राहतात. वाढलेला टॉर्क लॉक-अप क्लचला पेलला नाही, तर तो घासतो, त्याचा चुरा तेलात मिसळतो आणि तेच तेल पुढे गिअरबॉक्सच्या बारीक व्हॉल्व्हमधून फिरतं.

ड्रॅग रेसमध्ये नेमकं काय असतं?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली, थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारी शर्यत. मराठवाडा आणि विदर्भातल्या वाचकांना शंकरपट माहीत आहे. बैलजोडी सरळ धावपट्टीवर सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो. वळण नाही, डावपेच नाहीत. जोडी कशी सुटली यावर अर्धा निकाल ठरतो. ड्रॅग रेसचा गाभाही हाच आहे.

मोटारींच्या शर्यतीत नेहमीचं अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, किंवा त्याच्या निम्मं म्हणजे २०१ मीटर असतं. अमेरिकेत या खेळाची मुख्य संस्था असलेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. भारतातल्या अधिकृत मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते.

सगळ्याच ड्रॅग गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. सर्वात वेगवान 'टॉप फ्युएल' गाड्यांत एकापेक्षा जास्त प्लेटचा क्लच असतो. भारतातल्या शर्यतींत मॅन्युअल आणि ड्युअल क्लच गाड्याही भरपूर दिसतात. पण अमेरिकेतल्या 'ब्रॅकेट' शर्यतीत टॉर्क कन्व्हर्टरचं राज्य आहे. या प्रकारात स्पर्धक आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल ते आधी सांगतो आणि त्या वेळेच्या जास्तीत जास्त जवळ राहावं लागतं. प्रत्येक फेरी सारखी होणं इथे महत्त्वाचं असतं. पायाने सोडलेला क्लच दरवेळी थोडा वेगळा सुटतो, तेलाचा कन्व्हर्टर जवळपास दरवेळी सारखाच वागतो.

सुटण्याच्या क्षणी काय होतं?

ड्रॅग गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा ट्रान्स-ब्रेक असतो. बटण दाबलं की गिअरबॉक्स पहिल्या आणि रिव्हर्स अशा दोन्ही गिअरमध्ये एकाच वेळी अडकतो, म्हणून गाडी जागेवरून हलू शकत नाही. चालक अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, इंजिन स्टॉल स्पीडपर्यंत चढतं आणि हिरवा दिवा लागताना बटण सोडलं जातं. रिव्हर्स सुटतो, पहिला गिअर आधीच लागलेला असतो. वाढलेला टॉर्क एका क्षणात चाकांवर येतो.

यानंतरचे पहिले ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर, निर्णायक असतात. कन्व्हर्टर फार 'घट्ट', म्हणजे कमी स्टॉलचा असेल, तर इंजिन ताकदीच्या टप्प्याखालीच राहतं आणि गाडी दबकत सुटते. फार 'सैल' असेल, तर आरपीएम उंच राहतो पण ताकद तेलात जिरते. टायरची पकड कमी असेल, तर सैल कन्व्हर्टर थोडा धक्का शोषून चाकं जागेवर फिरण्यापासून वाचवतो. म्हणून ट्रॅक, टायर, गाडीचं वजन आणि इंजिन यांचा मेळ पाहून कन्व्हर्टर निवडतात. दुसऱ्याच्या गाडीत चांगला चाललेला कन्व्हर्टर आपल्याही गाडीत चालेलच असं नाही.

गिअर बदलताना आरपीएम का पडतो?

जनरल मोटर्सचा १९६४ पासूनचा 'टर्बो हायड्रा-मॅटिक ४००' हा तीन गिअरचा बॉक्स ड्रॅग रेसमध्ये आजही वापरला जातो. त्याचं पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४८, दुसऱ्याचं १.४८ आणि तिसऱ्याचं १ आहे. यावरून हिशेब करून पाहता येतो.

समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन ६,५०० आरपीएमवर आहे. थेट जोडणी असती, तर दुसरा गिअर पडताच इंजिन ६,५०० गुणिले १.४८ भागिले २.४८, म्हणजे जवळपास ३,८८० आरपीएमवर आलं असतं. ताकदीच्या टप्प्याच्या पार खाली.

कन्व्हर्टर असेल तर चित्र बदलतं. गिअर बदलण्याआधी स्लिप ६ टक्के धरला, तर टर्बाइन ६,११० आरपीएमवर असते. दुसरा गिअर पडला की गाडीच्या वेगाशी बांधलेली टर्बाइन सुमारे ३,६५० वर येते. इंजिन मात्र तिच्याबरोबर खाली ओढलं जात नाही. कन्व्हर्टरचा स्टॉल ५,००० च्या आसपास असेल, तर इंजिन ५,००० च्या जवळ थांबतं. त्या क्षणी स्लिप पुन्हा सुमारे २७ टक्के होतो आणि टॉर्क थोडा वाढवून देणं पुन्हा सुरू होतं. मग टर्बाइन हळूहळू इंजिनाला गाठते आणि स्लिप परत कमी होतो.

म्हणजे कन्व्हर्टर प्रत्येक गिअर बदलानंतर इंजिनाला पुन्हा ताकदीच्या टप्प्यात उभं करतो. म्हणूनच १९५० मध्ये आलेला, फक्त दोन गिअरचा 'पॉवरग्लाइड' आजही ड्रॅग रेसमध्ये टिकून आहे. दोन गिअरमधलं मोठं अंतर कन्व्हर्टर भरून काढतो. गिअर एकदाच बदलायचा असल्यामुळे वेळही वाचतो आणि चूक होण्याची शक्यताही कमी होते.

आरपीएमच्या नोंदी पाहून जाणकार बरंच काही ओळखतात. गिअर बदलल्यावर आरपीएम खूप खाली पडून सावरायला वेळ लागत असेल, तर कन्व्हर्टर घट्ट आहे. आरपीएम अगदीच थोडा पडून जागेवरच रेंगाळत असेल आणि शेवटच्या रेषेवरही स्लिप जास्त असेल, तर कन्व्हर्टर सैल आहे. आणि गिअर बदलतानाच काटा क्षणभर वर उसळत असेल, तर कन्व्हर्टरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. जुना क्लच सुटला आणि नवा वेळेवर पकडला नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा दोष गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच पॅकचा किंवा तेलाच्या दाबाचा असतो.

स्लिप कसा मोजतात?

शेवटच्या रेषेवरचा वेग, इंजिनाचा आरपीएम, टायरचा व्यास आणि गिअरची गुणोत्तरं एवढं माहीत असलं की साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

समजा टायरचा व्यास २८ इंच, म्हणजे परीघ सुमारे २.२३ मीटर. वेग ताशी २०० किमी, म्हणजे सेकंदाला ५५.५६ मीटर. चाक मिनिटाला सुमारे १,४९२ वेळा फिरतं. मागच्या एक्सलचं गुणोत्तर ४.१० आणि वरचा गिअर १ असेल, तर टर्बाइन सुमारे ६,१२० आरपीएमवर असली पाहिजे. इंजिनाची नोंद ६,६०० दाखवत असेल, तर फरक ४८० आरपीएमचा, म्हणजे स्लिप ७ टक्क्यांच्या थोडा वर.

यात एक मेख आहे. ड्रॅग रेसचे मऊ टायर वेगात फुगतात. परीघ २ टक्के वाढला, तर चाकाचे फेरे कमी होतात, टर्बाइन प्रत्यक्षात ६,००० च्या आसपास असते आणि खरा स्लिप ९ टक्क्यांच्या वर जातो. उलट चाक रस्त्यावर घसरत असेल, तर टर्बाइन हिशेबापेक्षा जास्त वेगाने फिरत असते. म्हणून केवळ एका आकड्यावरून कन्व्हर्टर बदलण्याचा निर्णय घेणं घाईचं ठरतं. अचूक उत्तर हवं असेल, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सेन्सर लावून थेट मोजावं लागतं.

उष्णता: खरी किंमत इथे मोजावी लागते

एखाद्या डिझेल एसयूव्हीचा स्टॉल २,२०० आरपीएम आहे आणि तिथे इंजिन ३५० न्यूटन मीटर टॉर्क देतं असं धरू. म्हणजे सुमारे ८० किलोवॉट ताकद. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, तर गाडी हलत नाही आणि ही सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. घरातला गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे असे ४० गिझर एकाच वेळी त्या डब्यातल्या तेलावर चालू केल्यासारखं आहे.

फक्त ५ सेकंदांत ४०० किलोज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल पुरतात. कन्व्हर्टरमधलं तेल काही लिटरच असतं. म्हणूनच वर्कशॉपमध्ये केली जाणारी स्टॉल टेस्टही ५ सेकंदांपेक्षा जास्त करू नये आणि दोन टेस्टमध्ये तेल थंड होऊ द्यावं, असा नियम आहे.

गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला नीट काम करतं. त्यापुढे प्रत्येक १० अंश वाढीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ नियम वापरला जातो. जळालेलं तेल काळपट होतं, करपल्यासारखा वास येतो, रबरी सील कडक होतात आणि क्लचची पकड जाते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, अशा मराठवाड्यात तेलाला थंड व्हायला वाव आणखी कमी असतो. ड्रॅग रेसचे संघ प्रत्येक फेरीनंतर तेल थंड करतात, मोठे कूलर लावतात आणि तेल वारंवार बदलतात. रोजच्या गाडीत यातलं काहीच नसतं.

रोजच्या गाडीत लक्षणं कशी ओळखायची?

आधी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का ते पाहावं. भारतात ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. टोयोटा फॉर्च्युनर, महिंद्रा थार, स्कॉर्पिओ-एन आणि ह्युंदाई क्रेटा डिझेल यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. एएमटी गाडीत मात्र साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. ड्युअल क्लच गाडीत दोन क्लच असतात. काही सीव्हीटी गाड्यांत पट्ट्याच्या जोडीला टॉर्क कन्व्हर्टरही असतो. खालची लक्षणं टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला लागू होतात.

• सुटताना आरपीएम आधी वाढतो, मग गाडी वेग घेते: हे सामान्य आहे.
• सुटताना गाडी फार सुस्त, पण वेग घेतल्यावर ठीक: स्टेटरचा वन-वे क्लच दोन्ही दिशांना सुटत असण्याची शक्यता. स्टॉल टेस्टमध्ये आरपीएम नेहमीपेक्षा कमी येतो. इंजिन कमजोर असलं तरी स्टॉल कमी येतो, त्यामुळे आधी इंजिन तपासावं.
• सुटताना ठीक, पण वरच्या वेगाला गाडी दमते आणि तेल तापतं: स्टेटर अडकून बसला असण्याची शक्यता.
• ताशी ६० ते १०० किमीच्या दरम्यान, स्थिर वेगात, खडबडीत पट्ट्यांवरून जावं तशी बारीक थरथर: लॉक-अप क्लच नीट पकडत नाही. तेल जुनं झाल्यानेही हे होतं, म्हणून आधी तेल तपासणं स्वस्त पडतं.
• गिअर बदलताना आरपीएम उसळणं, मग झटका: क्लच पॅक, तेलाचा दाब किंवा व्हॉल्व्ह बॉडी.
• 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून हलते: तेल कमी असणं किंवा दाब कमी पडणं.

यातल्या कोणत्याही लक्षणावर थेट कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी तेलाची पातळी आणि रंग, कॉम्प्युटरवर दिसणारे फॉल्ट कोड आणि स्लिपचा आकडा दाखवायला सांगावं. आजच्या गाड्यांत इंजिनाचा आणि टर्बाइनचा वेग स्कॅनरवर वेगवेगळा दिसतो. दोन्ही आकडे समोर असले की अंदाजावर खर्च करावा लागत नाही. तेल बदलताना कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच घालावं. ऑटोमॅटिकच्या तेलात क्लचच्या घर्षणाचा हिशेब केलेला असतो आणि चुकीच्या तेलाने चांगला बॉक्सही थरथरू लागतो.

जुनी ऑटोमॅटिक घेताना गाडी पूर्ण गरम झाल्यावरच चालवून पाहावी. थंड तेल घट्ट असतं आणि अनेक दोष झाकतं. किमान अर्धा तास गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यावर चालवून, गिअर बदलताना काटा कसा हलतो ते पाहावं. रिमॅप झालं आहे का, हेही विचारावं.

रीलमधले 'लाँच' आणि महामार्ग

ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबून गाडी सोडण्याचे व्हिडिओ रीलवर भरपूर दिसतात. काहीजण न्यूट्रलमध्ये रेस देऊन एकदम 'डी' टाकतात. पहिल्या प्रकारात तेल जळतं. दुसऱ्या प्रकारात हजारो आरपीएमचा धक्का क्लच पॅक आणि एक्सलवर एकदम येतो. ड्रॅग गाडीचा ट्रान्स-ब्रेक, शाफ्ट आणि क्लच या धक्क्यासाठीच बनवलेले असतात, घरच्या गाडीचे नसतात.

नुकसान गाडीपुरतंच असतं तर गोष्ट वेगळी होती. समृद्धी महामार्गावर कारसाठी सपाट भागात ताशी १२० किमीची मर्यादा आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागून त्या वेगाने येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या चालकाला पुढे थांबलेली गाडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर अंतर संपलेलं असतं. ड्रॅग रेसच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना कठडे, पुढे थांबण्यासाठी मोकळी जागा, हेल्मेट, अग्निशमन आणि रुग्णवाहिका असते. महामार्गावर शर्यतीसाठी अशी व्यवस्था नसते. शिवाय त्या रस्त्यावर कुणाचं तरी कुटुंब प्रवास करत असतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यावर कलम ५२ खाली बंधनं आहेत.

ज्यांना हा खेळ खरोखर आवडतो, त्यांच्यासाठी बंदिस्त धावपट्टीवर, परवानगीने आणि वैद्यकीय व्यवस्थेसह होणाऱ्या शर्यती हाच मार्ग आहे. तिथे आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापते याचा छापील आकडा हातात मिळतो आणि शेवटच्या रेषेवरचा वेगही कळतो. त्या आकड्यांवरून स्लिप काढता येतो, गिअर कधी बदलावा हे ठरवता येतं आणि कन्व्हर्टर घट्ट आहे की सैल हे समजतं. रोजच्या चालकासाठी मात्र एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: सुटताना आरपीएम पुढे आणि गाडी मागे असेल, तर घाबरण्याचं कारण नाही. स्थिर वेगात थरथर होत असेल किंवा गिअर बदलताना काटा उसळत असेल, तर गाडी तेल तपासायला न्यावी, आणि तीही पुढच्या लांबच्या प्रवासाआधी.